मे महिन्यात उपनगरात कोण उरते? : मराठीतील घडणीच्या कादंबरीविषयी एक हरकत

१

मराठी कथा-कादंबरीतला मुंबईचा मुलगा मे महिन्यात मुंबईत नसतो. वार्षिक परीक्षा संपते, निकाल लागतो आणि तो एस.टी.त बसून कोकणात किंवा घाटावर आजोळी जातो. तिथे विहीर, आमराई, ओसरी, थकलेली आजी आणि एखादा बिनचपलेचा सोबती त्याची वाट पाहत असतात. त्याला जे कळायचे ते तिथेच कळते. जूनमध्ये तो परततो तेव्हा थोडा अबोल आणि थोडा मोठा झालेला असतो. ही मांडणी आता इतकी अंगवळणी पडली आहे की तिला कोणी मांडणी म्हणून ओळखतच नाही, ती वस्तुस्थितीच समजली जाते.

अंधेरी, बोरिवली, मुलुंड वा घाटकोपर येथे वाढणाऱ्या मुलाला स्वतःची ओळख पटण्याची जागा त्या उपनगरात नसून अन्यत्र कुठेतरी असते, हे गृहीतक आपल्या लेखकांनी आणि त्यांच्याहूनही अधिक आपल्या समीक्षेने स्वीकारले आहे. प्रस्तुत लेखात या गृहीतकाला हरकत घ्यायची आहे. मे महिन्यात उपनगर रिकामे होत नाही. आपले वाङ्मय ते रिकामे करते. आणि जे मागे उरतात त्यांच्या मैत्रीचा व त्यांच्या आत्मस्वीकाराचा विचार करण्यासाठी लागणाऱ्या संकल्पना आपल्या समीक्षेने घडवलेल्याच नाहीत. ही उणीव किरकोळ नाही. कोणाचे वाढणे वाङ्मयीन मोलाचे मानायचे, हा प्रश्न तिच्यामागे आहे.

२

‘घडणीची कादंबरी’ ही संज्ञा आपण जर्मन परंपरेतील ‘बिल्डुंग्सरोमान’ या संज्ञेसाठी वापरतो. गटेच्या ‘विल्हेल्म माइस्टर’पासून (१७९५-९६) या प्रकाराची चर्चा सुरू करण्याची प्रथा आहे. फ्रँको मोरेत्ती यांनी ‘द वे ऑफ द वर्ल्ड’मध्ये (१९८७) तारुण्य हे आधुनिकतेचे प्रतीकात्मक रूप मानले आणि व्यक्तीची स्वयंनिर्णयाची आकांक्षा व समाजात सामावले जाण्याची गरज यांतील तडजोड या प्रकाराच्या मुळाशी असल्याचे दाखवले. तडजोड हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. आत्मस्वीकार म्हणजे आरशासमोर उभे राहून स्वतःला क्षमा करणे नव्हे. समाज आपल्याला जे नाव देतो आणि आपण स्वतःला जे नाव देऊ पाहतो, त्या दोहोंमधला तो व्यवहार असतो. या व्यवहाराला साक्षीदार लागतो, आणि किशोरवयात तो साक्षीदार मित्र असतो.

या प्रकाराला उन्हाळ्याची सुट्टी मानवते याचे कारण उघड आहे. शाळेचा घंटेचा काळ थांबतो, घराचा शिस्तीचा काळ सैलावतो आणि कोणाच्याही मालकीचा नसलेला एक तुकडा मुलांच्या हाती येतो. पाश्चात्त्य कादंबरीने या तुकड्याचे किमान दोन प्रकार हाताळले आहेत. एल. पी. हार्टली यांच्या ‘द गो-बिट्वीन’मध्ये (१९५३) लिओ हा मुलगा १९०० सालच्या उन्हाळ्यात शाळामित्राच्या श्रीमंत घरी पाहुणा म्हणून जातो, त्याच्याजवळ उन्हाळ्यासाठी योग्य कपडेच नाहीत, आणि या साध्या उणिवेतूनच त्याचे वर्गीय परकेपण उघडे पडते. याउलट कार्सन मॅकलर्स यांच्या ‘द मेंबर ऑफ द वेडिंग’मधील (१९४६) बारा वर्षांची फ्रँकी कुठेच जात नाही. एका लहान गावातल्या स्वयंपाकघरात, स्वयंपाकीणबाई आणि छोटा आतेभाऊ यांच्या सोबतीने ती तो उन्हाळा काढते. भावाच्या लग्नाचे निमित्त करून कायमचे निघून जाण्याचा तिचा बेत फसतो. या दुसऱ्या प्रकाराला आपण मागे उरणाऱ्यांची सुट्टी म्हणू. मराठीने पहिला प्रकार पुरेपूर आपलासा केला. दुसऱ्याची दखलही घेतली नाही.

३

मराठीत घडणीच्या कथनाची परंपरा क्षीण आहे, असे मुळीच नाही. ‘श्यामची आई’पासून (१९३५) तिचा एक प्रवाह सांगता येतो. मात्र तिथे मुलगा घडत नाही, तो घडवला जातो. संस्कार देणारी आई आणि घेणारा मुलगा या द्वंद्वात समवयस्क मित्राला फारसे काम उरत नाही. ‘कोसला’ने (१९६३) ही चौकट मोडली. पांडुरंग सांगवीकर पुण्यात येतो, शिकतो, फसतो आणि परततो. त्याचा स्वीकार हा पराभवाच्या जवळ जाणारा स्वीकार आहे. ‘कोसला’चे मोठेपण निर्विवाद आहे. परंतु तिच्यानंतर गाव–शहर–गाव ही तिची वाट आपल्या समीक्षेला जणू एकमेव वाट वाटू लागली. ज्याला परत जायला सांगवीच नाही त्याने काय करायचे, हा प्रश्न ‘कोसला’ने विचारायचे कारण नव्हते, तो तिच्या समीक्षकांनी विचारायला हवा होता.

त्यानंतर दोनच वर्षांनी भाऊ पाध्ये यांचे ‘वासूनाका’ (१९६५) आले. नाक्यावर उभ्या राहणाऱ्या पोरांची ही टोळी मुंबईतील मैत्रीचे मराठीतले सर्वांत निर्भीड चित्र ठरावे. येथे ‘मी’ एकट्याने बोलत नाही. पोक्याच्या तोंडची भाषा ही नाक्याची भाषा आहे. ती टोळीत तयार होते, टोळीतच खपते आणि टोळीबाहेर गेली की अपराधी ठरते. आचार्य अत्रे यांनी या पुस्तकावर केलेला हल्ला आणि त्यावरून पेटलेला वाद सर्वज्ञात आहे. परंतु त्या वादात दोन्ही बाजूंनी अश्लीलतेचाच मुद्दा धरून ठेवला. एका पक्षाने पुस्तक घाणेरडे म्हटले, दुसऱ्याने ते वास्तव म्हटले. ही पोरे एकमेकांवाचून स्वतःला ओळखूच शकत नाहीत, हे या पुस्तकाचे खरे संरचनात्मक सूत्र दोघांच्याही हातून निसटले. त्या टोळीच्या मैत्रीत स्त्रीविषयी जे क्रौर्य आहे त्याची चिकित्साही त्यामुळे राहून गेली. नैतिक संताप हा चिकित्सेचा पर्याय नसतो, आणि वास्तववादाची ढाल हाही नसतो. पुढे ‘राडा’मध्ये (१९७५) पाध्ये उपनगरातल्या तरुणाकडे, मंदार अण्णेगिरीकडे वळले. पण उपनगर ही कादंबरीची भूमी होऊ शकते या त्यांच्या सूचनेचा पाठपुरावा समीक्षेने केला नाही.

प्रकाश नारायण संत यांच्या लंपनचे काय झाले? ‘वनवास’ (१९९४), ‘शारदा संगीत’ (१९९७), ‘पंखा’ (२००१) आणि ‘झुंबर’ (२००४) या चार पुस्तकांतून आई-वडिलांपासून दूर, आजी-आजोबांकडे वाढणारा एक मुलगा सीमाभागातल्या कानडी-मराठी मिश्र बोलीत स्वतःला शोधतो. या बोलीवर आपण लुब्ध झालो, ते रास्तच होते. परंतु लंपनविषयी बोलताना ‘निरागस’ आणि ‘लोभस’ ही विशेषणे इतक्या मुबलकपणे वापरली गेली की पहिल्याच पुस्तकाच्या नावात असलेला वनवास हळूहळू कोणाला दिसेनासा झाला. लंपन लोभस आहे, कारण तो तोडला गेलेला आहे. त्याची भाषा मिश्र आहे, कारण त्याचे घर एका जागी नाही. ज्या समीक्षेला लंपनच्या मिश्र भाषेतली तूट ऐकू आली नाही, तिला घाटकोपरच्या जिन्यातली मराठी-गुजराती-हिंदी ही केवळ भ्रष्ट मराठी वाटली, यात नवल नाही.

मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ (२००४) आपल्या प्रश्नाच्या सर्वांत जवळ येते. आणीबाणीच्या काळातले निमशहरी गाव, नववीचे वर्ष, मुकुंद आणि त्याचे मित्र सुऱ्या, चित्रे व फावड्या, आणि शिरोडकर. ही प्रथमप्रेमाची कादंबरी आहे, हे वाचन सोपे आहे आणि लोकप्रियही. पण हे चार मित्र कुठे बसतात, हे पाहावे. ते बसतात एका अर्धवट बांधलेल्या इमारतीत. शाळा नाही, घर नाही, शेत नाही, रानही नाही. अजून कोणाची झाली नाही अशी ही जागा आहे. वाढत्या शहराच्या कडेला ज्यांचे किशोरपण गेले त्यांना या जागेचे मोल सांगावे लागणार नाही. ‘शाळा’चे सूत्र या इमारतीत आहे: मुलेही अर्धवट, गावही अर्धवट, आणि दोघांनाही पुरे करणारी सत्ता इतरत्र. तरीही या कादंबरीचा काळ हा शाळेच्या वर्षाचा काळ आहे. शाळा मिटली की मुले कशी आणि कुठे उरतात, हा तिच्या पुढचा प्रश्न आहे. तो अजून कोणी हाती घेतलेला नाही.

आत्मस्वीकाराचा प्रश्न उघडपणे मांडणारी कादंबरी म्हणजे सचिन कुंडलकर यांची ‘कोबाल्ट ब्लू’ (२००६). पुण्यातल्या एका मध्यमवर्गीय घरातले तनय आणि अनुजा, भाऊ आणि बहीण, घरात भाड्याने राहायला आलेल्या एकाच तरुणाच्या प्रेमात पडतात. तो निघून जातो आणि दोघे आपापल्या निवेदनातून उरलेल्या रिकामेपणाला भिडतात. समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणारा कायदा सर्वोच्च न्यायालयाने सैल केला तो २०१८मध्ये. ही कादंबरी त्याच्या बारा वर्षे आधीची आहे. तिचे धैर्य मान्य करूनही एक गोष्ट नोंदवणे आवश्यक आहे. या कादंबरीतला स्वीकार एका खोलीवर उभा आहे. घरात भाड्याने देण्याइतकी एक जादा खोली आहे, म्हणून तो तरुण येतो. दार लावता येते, म्हणून प्रेम घडते. खोली नसती तर? एका खोलीत आणि स्वयंपाकघरात सहा माणसे झोपतात तिथे तनयने काय केले असते? तो जिन्यात, गच्चीवर, पाण्याच्या टाकीमागे, स्थानकाच्या पुलावर गेला असता. आणि तिथे तो एकटा कधीच नसता. त्याचा स्वीकार मित्रांच्या देखत, मित्रांच्या टिंगलीतून, मित्राच्या एखाद्या अनपेक्षित मौनातून घडला असता किंवा कायमचा मोडला असता. आपल्या समीक्षेत आत्मस्वीकार हा अंतर्मनाचा विषय मानला जातो, कारण आपल्या समीक्षकांनी तो स्वतंत्र खोली असलेल्या माणसांच्या वाङ्मयातून शिकला आहे.

४

आता मे महिन्याकडे येऊ. ‘यंदा गावाला कधी जाणार?’ हा उपनगरातल्या कोणत्याही शाळेत एप्रिलमध्ये विचारला जाणारा प्रश्न वरवर निरुपद्रवी आहे. मराठी मुलाचे ‘गाव’, कच्छी-गुजराती मुलाचा ‘देश’, उत्तर भारतीय मुलाचा ‘मुलुक’: नावे निराळी, गृहीतक एकच, की प्रत्येकाला परतण्यासारखी एक जागा आहे. परंतु ती प्रत्येकाला नसते, आणि ज्याला असते त्याला ती सारखीच नसते. ज्याच्या आजोबांचे घर गावाच्या मध्यभागी आहे तो सुट्टीत आमराईत जातो. ज्याच्या आजोबांचे घर गावकुसाबाहेर होते, त्याचे वडील गाव सोडून मुंबईला आले ते पुन्हा तिथे मान खाली घालावी लागू नये म्हणून. त्याला मे महिन्यात गावाला पाठवणे ही गंमत नव्हे. कोणाची जमीन गेलेली असते, कोणाला भाऊबंदकीमुळे उंबरठा उरलेला नसतो, कोणाकडे चौघांच्या तिकिटाचे पैसे नसतात. आणि मुलीला चौदाव्या वर्षी धाकट्या भावंडांची व पाण्याच्या वेळेची जबाबदारी सोपवून घरी ठेवले जाते. म्हणजे हा निरुपद्रवी प्रश्न वास्तविक जात, वर्ग आणि लिंग यांची हजेरी घेतो. मुले उत्तर देताना खोटे बोलतात. वर्षभर एका बाकावर बसलेल्या दोघांमध्ये पहिले खोटे येते ते या प्रश्नापाशी.

बाबुराव बागूल यांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) या कथेने आत्मस्वीकाराचे नेमके विरुद्ध टोक मराठीत पक्के नोंदवले आहे: स्वतःला लपवणे. प्रौढ माणूस जात लपवतो ती नोकरीसाठी, निवाऱ्यासाठी. मुलगा गाव लपवतो तो मित्रासाठी. दुसरी गोष्ट पहिलीचीच किशोर आवृत्ती आहे, हे ओळखणारी समीक्षा आपल्याकडे असती तर उपनगरातल्या सुट्टीला तिने किरकोळ म्हटले नसते.

येथे आणखी एक विसरलेला घटक आहे. साष्टी बेटावरचे कोळी, ईस्ट इंडियन आणि वारली यांना मे महिन्यात जायला गाव नाही, कारण ते गावातच आहेत. वेसाव्याचा कोळीवाडा, अंधेरीच्या बाजूची गावठाणे, बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातले वारली पाडे ही उपनगराची पूर्वपीठिका आहे. उपनगर त्यांच्यावर आणि त्यांच्याभोवती उभे राहिले. या मुलांच्या नजरेने पाहिले तर गावाला जाणारे आणि परतणारे आपण सगळे उन्हाळी पक्षी ठरतो.

प्रशासनाने १९५० आणि १९५७ या दोन टप्प्यांत मुलुंड-दहिसरपर्यंतची उपनगरे बृहन्मुंबईत घेतली आणि १ ऑक्टोबर १९९० रोजी मुंबई उपनगर हा स्वतंत्र जिल्हा केला. म्हणजे त्याने आधी सामावून घेतले व मग वेगळे ओळखले. समीक्षेने यातले एकही केले नाही. तिच्याकडे ग्रामीण, दलित आणि महानगरीय असे तीन कप्पे आहेत. उपनगर महानगरात घालावे तर गिरगाव, गिरणगाव आणि कामाठीपुरा यांनी ठरवलेल्या मुंबईच्या वाङ्मयीन नकाशात ते बसत नाही. आणि तिथली माणसे तर तिन्ही कप्प्यांत विखुरलेली आहेत.

हा वर्गीकरणाचा वाद केवळ पंडिती नाही. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात, डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याची विटंबना झाल्यानंतर जमलेल्या लोकांवर राज्य राखीव पोलीस दलाने गोळीबार केला. दहाजण मारले गेले. चारच दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी मुलुंडच्या आपल्या झोपडीत जीवन संपवले. उन्हाळ्याची सुट्टी संपून तेव्हा जेमतेम महिना झाला होता. त्या वस्तीतला चौदा वर्षांचा एक मुलगा आणि त्याच स्थानकाच्या पूर्वेला गारोडिया नगरात राहणारा त्याचा एखादा सोबती यांची आपण कल्पना करू. दोघे त्या मे महिन्यात एकाच मैदानात क्रिकेट खेळले असतील. पहिल्याने मोठेपणी कादंबरी लिहिली तर आपण तिला दलित साहित्य म्हणू आणि तिच्यात विद्रोह शोधू. दुसऱ्याने लिहिली तर तिला महानगरीय म्हणू आणि तिच्यात एकाकीपणा शोधू. या दोघांमध्ये जी मैत्री होती आणि बारा जुलैच्या सकाळी तिचे जे झाले, त्यासाठी आपल्याकडे कप्पा नाही. आणि माझ्या मते कादंबरी नेमकी तिथे आहे.

५

या प्रतिपादनावर तीन आक्षेप संभवतात.

पहिला आक्षेप देशीवादाच्या बाजूने येईल: उपनगराला स्वतःची भूमी नाही, परंपरा नाही, बोली नाही, मुळे नसलेल्या जागेतून मोठी कादंबरी येत नाही. देशीवादाने मराठी समीक्षेला आत्मविश्वास दिला, हे ऋण मान्य केलेच पाहिजे. परंतु देशीयता म्हणजे भूमीशी असलेले जिवंत नाते असेल, तर ती भूमी नांगरलेलीच असली पाहिजे असा आग्रह कशासाठी? तीन-चार भाषांच्या घर्षणातून जिन्यात आणि गल्लीत घडलेली बोली ही तिथल्या मुलांची पहिली बोली आहे. त्यांनी ती उसनी आणलेली नाही. शिवाय वर सांगितल्याप्रमाणे, साष्टीच्या मूळ रहिवाशांचा विचार करता ही भूमी बिनइतिहासाची आहे असे म्हणणे हेच अदेशी आहे.

दुसरा आक्षेप असा की, मी कादंबरीकडे समाजशास्त्र मागतो आहे. तसे नाही. मैत्री हा ‘विषय’ नसून रचनातत्त्व आहे, असे माझे म्हणणे आहे. ‘वासूनाका’त ती निवेदकाची भाषा ठरवते, ‘शाळा’त ती अवकाश ठरवते. मागे उरलेल्यांच्या सुट्टीत ती काळ ठरवील: घटना नसलेला, दुपारी लांबणारा, कोणाच्या तरी परत येण्याची वाट पाहणारा काळ. हा प्रश्न पूर्णतः रूपाचा आहे. तो समाजशास्त्राचा वाटतो, याचे कारण रूपाचा विचार करताना आपण माणसे वगळण्याची सवय लावून घेतली आहे.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. न लिहिलेल्या कादंबरीची मागणी करणे हे समीक्षकाचे काम आहे काय? नाही. लेखकाने काय लिहावे हे सांगण्याचा अधिकार मला नाही आणि नको. परंतु समीक्षा वाचक घडवते. आणि कोणता अनुभव गंभीर व कोणता क्षुल्लक याची एक अलिखित यादी ती लेखकाच्या टेबलावर ठेवते. बोरिवलीत वीस वर्षे वाढलेला तरुण लेखक जेव्हा आयुष्यातले एकूण वीस आठवडे पाहिलेल्या गावाविषयी पहिली कादंबरी लिहितो, तेव्हा त्याच्या निवडीत आपला हात असतो. कवितेने ही यादी धुडकावली, हे लक्षात घ्यावे. १९९०नंतर ‘शब्दवेध’, ‘अभिधा’, ‘सौष्ठव’ यांसारख्या नियतकालिकांभोवती उभ्या राहिलेल्या कवितेने लोकल, जाहिरात, इमारत आणि मिश्र भाषा यांना बिनदिक्कत आत घेतले. कादंबरीची वाट अडली ती सामग्रीच्या अभावामुळे नव्हे.

६

म्हणून मागणी समीक्षेकडे आहे, आणि ती मर्यादित आहे. किशोरवयाच्या कथनापुढे ‘निरागस’ हे विशेषण काही काळ वापरू नये; ते वापरले की वाचन थांबते. ‘स्मरणरंजन’ हा शिक्काही जपून मारावा. प्रत्येक स्मरण रंजन नसते, काही स्मरणे साक्ष असतात. आत्मस्वीकाराविषयी बोलताना तो कोणासमोर, कोणत्या भाषेत आणि किती चौरस फुटांत घडला, हे विचारावे. आणि एखाद्या कादंबरीत मुले सुट्टीला गावी जातात तेव्हा, जी गेली नाहीत ती कुठे आहेत, असा प्रश्न त्या कादंबरीला टाकावा.

ती मुले तिथेच आहेत. दुपारी तीनच्या उन्हात इमारतीच्या सावलीत बसलेली, टेनिसचा चेंडू भिंतीवर मारत, गावाहून परतणाऱ्या मित्राला काय सांगायचे याची जुळवाजुळव करीत. परतलेला मित्र आंबे घेऊन येईल आणि विचारील, ‘तू इथेच होतास?’ या प्रश्नाला न लाजता ‘हो’ म्हणता येणे, एवढाच त्या वयाचा आत्मस्वीकार असतो. मराठी समीक्षेला हा ‘हो’ अजून ऐकू आलेला नाही. तो उच्चारला जात नाही म्हणून नव्हे; मे महिन्यात आपणही गावाला गेलेलो असतो म्हणून.